सुनेनं विझवलेली आग

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावाला पाय होते. हसू नका. आज इथं, तर काही पावसाळ्यांनी पलीकडच्या डोंगराखाली. झोपड्या मोडायच्या, भांडीकुंडी डोक्यावर घ्यायची, शेरडं पुढं हाकायची, की चाललं गाव.

ते लोखंड गाळणाऱ्यांचं गाव होतं. डोंगरातला तांबडा, जड दगड फोडायचा, मातीच्या उंच भट्टीत कोळसा आणि दगड थरावर थर घालायचे, आणि दोन्ही अंगांनी भाते ओढत बसायचं. मग दगडातून लोखंड सुटायचं. त्यांचे फाळ, त्यांचे कोयते, त्यांच्या पहारी दूरदूरच्या बाजारात जायच्या. पण टोपलीभर लोखंडाला गाडीभर कोळसा लागायचा, आणि गाडीभर कोळशाला किती झाडं लागत असतील, ते तुम्हीच मनाशी धरा.

झाडं संपली की माणसं जमिनीत उरलेले बुडखे खणून काढायची. बुडख्याचा कोळसा सगळ्यांत कडक. त्यानं भट्टी अशी पेटायची की जवळ उभं राहवत नसे. बुडखेही संपले की गावचा नाईक म्हणायचा, "डोंगर सरला. उचला."

निघताना एक रीत होती. मागं वळून पाहायचं नाही. सोडलेल्या डोंगराकडं पाहिलं तर पुढच्या डोंगरात लोखंड सापडत नाही, असं वाडवडील सांगून गेलेले. त्यामुळं कुणी पाहिलं नव्हतं. आपण सोडून आलो त्या डोंगराचं पुढं काय झालं, हे त्या गावात एकालाही ठाऊक नव्हतं.

आणि दुसरी रीत आगीची. भट्टीची आग भट्टीचीच हवी. गारगोटी घासून काढलेली आग चुलीला चाले, भट्टीला नाही. म्हणून गाव उठलं की नाइकाच्या घरची सून राखेनं भरलेलं गाडगं घ्यायची, त्यात जुन्या भट्टीतला निखारा पुरायची, वरून शेणीचा तुकडा ठेवायची, आणि नव्या डोंगरापर्यंत डोक्यावरून न्यायची. जिथं ती गाडगं टेकवील तिथं नवी भट्टी. त्या गाडग्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. केवढा मान! त्या मानासाठीच धुरपाच्या बापानं तिला या घरात दिली होती.

धुरपा ही येसबा नाइकाची थोरली सून. नवरा लवकर गेला, पण गाडगं तिच्याकडंच राहिलं. वाऱ्यात, पावसात, चढणीला, उतरणीला तिनं कधी निखारा मरू दिला नव्हता. बाळंतपणातसुद्धा एका हातानं पोर आणि दुसऱ्या हातानं गाडगं सांभाळलेली बाई ती. तिची धाकटी जाऊ साळू म्हणायची, "आमच्या जाऊबाईंना आग द्या नि भाकरी नका देऊ, चालंल." त्यात थोडी मस्करी होती आणि थोडा मत्सर.

एका उन्हाळ्यात येसबा म्हणाला, "डोंगर सरला. उचला."

गाव उठलं. पूर्वेकडं डोंगराची एक उंच धार होती, तिच्यापलीकडं आजवर कुणी गेलं नव्हतं. पलीकडं घनदाट रान आहे, असं येसबाच्या आज्यानं सांगितलं होतं. पोरंबाळं, म्हातारीकोतारी, शेरडं, सगळी धारेवर चढली. धुरपा पुढं होती. चढून वर पोचली, आणि थांबली.

समोरून माणसं चढत होती. त्यांच्याही डोक्यावर भांडीकुंडी होती. त्यांचीही शेरडं पुढं होती. त्यांच्यातही एका बाईच्या डोक्यावर गाडगं होतं.

दोन्ही गावं धारेवर समोरासमोर उभी राहिली. त्यांचा नाईक बिरू म्हणून होता, दाढी पांढरी, तोंडाला जरा फटकळ.

"राम राम, नाईक," बिरू म्हणाला. "कुठं निघालात?"

"तुमच्या अंगाला," येसबा म्हणाला. "रान हाय न्हवं तिकडं?"

बिरू हसायला लागला. असा हसला की खालीच बसला. "अवो, आमी तुमच्या अंगाला निघालोय! आमचा आज्जा सांगायचा, धारेपल्याड दाट रान हाय म्हणून."

मग इकडच्यांनी तिकडं पाहिलं, तिकडच्यांनी इकडं. दोन्हीकडं नुसती बोडकी टेकाडं, जिथवर नजर जाईल तिथवर. शेरडांना मात्र काही देणंघेणं नव्हतं. ती एकमेकांत मिसळून गेली, आणि कुणाचं शेरडू कुणाचं यावरून दोन बायकांची जुंपलीसुद्धा.

बिरूच्या माणसांचं गाडगं तर थंडच होतं. कोळसाच उरला नव्हता, निखारा कशावर जगणार? बिरू म्हणाला, "रान न्हाई तर न्हाई, आग तरी द्या. एका जागी राहू."

"जागा कुठली?" येसबा म्हणाला. आणि पहिल्यांदाच धुरपानं आपल्या सासऱ्याचा आवाज म्हातारा झालेला ऐकला.

डोक्यावर भार घेऊन किती वेळ उभं राहायचं? धुरपाच म्हणाली, "मामंजी, पुढं काही न्हाई. मागं जाऊ."

"मागं?"

"थोरल्या डोंगराकडं. पणजोबांनी पहिली भट्टी लावली तिथं. तिथनं आपण निघालो, त्याला किती पिढ्या झाल्या. काही असलं तर तिथंच असंल."

"मागं पाहायचं न्हाई, सूनबाई. रीत हाय."

"मग डोळं मिटून चला," साळू मागून म्हणाली. "जाऊबाई हाताला धरतील."

पण दुसरी वाट कुणाला सुचेना. निघाले. काही म्हातारे रीत मोडायला नको म्हणून चक्क पाठमोरे चालायला लागले. पहिल्याच उतारावर दोघं गडगडत खाली आले, तेव्हा त्यांची रीत संपली आणि ते सरळ तोंड करून चालू लागले.

आणि मग त्यांनी पाहिलं. आपणच सोडलेले डोंगर, एकामागून एक. वाटलं होतं, आपण गेलो म्हणजे रान आपोआप वर आलं असेल. कशाचं काय! बुडखेच उपटलेले, तर फुटणार कुठून? पावसानं माती धुऊन नेली होती आणि खाली दगडाच्या फासळ्या उघड्या पडल्या होत्या. ओढ्यांच्या जागी गोटे होते. एके ठिकाणी येसबाच्या लग्नाचा मांडव घातला होता म्हणे, जांभळीच्या राईत. ती जागा त्याला ओळखूच येईना. शेवटी त्यानं जुन्या भट्टीच्या खापरांवरून ओळखली, आणि तिथं तो बराच वेळ बसून राहिला.

चालता चालता थोरला डोंगर आला. आणि पुढं चालणारी पोरं ओरडली.

डोंगराच्या एका अंगाला रान होतं!

फार नव्हतं. घळीतून वर चढत गेलेला हिरवा पट्टा. बाहेरून करवंदीच्या जाळ्या, हात घालू म्हटलं तर रक्त काढणाऱ्या. आत ऐन होता, धावडा होता, हिरडा होता, जांभूळ होती. काही झाडं मिठीत मावणार नाहीत अशी, बरीचशी मनगटाएवढी. आणि तळाशी, गोट्यांमधून, करंगळीएवढी पाण्याची धार.

धुरपानं वाकून पाहिलं. एकेका बुंध्याखाली जुना, काळा, रुंद बुडखा होता. पणजोबांनी झाडं तोडली होती, पण बुडखे खणले नव्हते. का? तर तेव्हा त्यांच्याकडं धड पहारच नव्हती. चांगल्या पहारी पुढच्या पिढ्यांनी घडवल्या, आणि मग बुडख्यांचा नंबर लागला. या घळीत बुडखे राहिले, त्यांना धुमारे फुटले, धुमाऱ्यांभोवती करवंदी वाढली, करवंदीमुळं गुरं आत शिरली नाहीत. कुणी राखलं नव्हतं. नुसतं सुटून गेलं होतं.

धुरपा हे पाहत होती तोवर तिच्या मागं कुऱ्हाडी खांद्यावरून उतरल्या होत्या.

"धावडा!" बिरू बुंध्यावर थाप मारून म्हणाला. "काय कोळसा पडंल ह्याचा! येसबा, दोन्ही गावांचं वरीस निघतंय."

"निघंल," येसबा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पुन्हा भट्टी दिसायला लागली होती. "सूनबाई, गाडगं टेकव."

रीतीप्रमाणं आता तिनं गाडगं खाली ठेवायचं, की कुऱ्हाडी चालू. सगळे तिच्याकडं पाहत होते. धुरपा उभीच राहिली.

"सूनबाई, ऐकलं न्हाईस का?"

"ऐकलं, मामंजी. वरीस निघंल म्हणालात. त्याच्या पुढच्या वरसाला काय तोडायचं?"

"तवाचं तवा."

"तवाचं तवा म्हणूनच धारेवर जाऊन आलो न्हवं का आपण?"

बिरू म्हणाला, "बाई, आमची पोरं उपाशी हाईत. लोखंड गाळंल तर दाणे येतील. तू झाडाची कड घेतेस का पोरांची?"

हा प्रश्न खोटा नव्हता. धुरपाच्या पाठीमागं तिचाही मुलगा उभा होता, त्याचंही पोट आत गेलेलं होतं.  मग ती म्हणाली, "पोरांचीच घेते, दादा. ही घळ तोडली की पाणी जाईल. पोरं दाणे खातील, आणि पितील काय?"

"भट्टी लावू, मग बघू," येसबा म्हणाला. त्याचा आवाज चढला. "टेकव म्हणतो ना! आग तुझी न्हाई, घराण्याची हाय."

तिच्या हातून गाडगं हिसकावून घेणं कुणाला जमणार नव्हतं, रीतच तशी. पण ती किती वेळ उभी राहणार? आज ना उद्या हात दुखतील, आज ना उद्या गाडगं खाली येईल. धुरपाला हे त्यांच्याइतकंच कळत होतं. तिनं डोक्यावरचं गाडगं उतरवून छातीशी धरलं. ऊब लागली. ही ऊब तिला लग्नापासून ठाऊक होती. तिच्या सासूनं मरताना लेकाचा हात धरला नव्हता, हे गाडगं तिच्या हातात दिलं होतं.

ती त्या पाण्याच्या धारेपाशी गेली, गुडघ्यावर बसली, आणि गाडगं पाण्यात बुडवलं.

चर्र झालं. थोडी वाफ आली. एवढंच.

साळूनं तोंडावर पदर घेतला आणि रडायला लागली. मघाशी टोमणे मारणारी तीच, पण रडली सगळ्यांत जास्त.  येसबा मटकन खाली बसला, आणि त्याच्या हातातली कुऱ्हाड आपोआप सुटली. भट्टीची आगच गेली. आता तोडून करायचं काय? बिरूनं एकदा झाडाकडं पाहिलं, एकदा विझल्या गाडग्याकडं, आणि तो धुरपाला अशा शिव्या द्यायला लागला की पोरांचे कान झाकावे लागले.

पंच बसले. येसबाच्या घरची नाईकी गेली. धुरपाला पंगतीबाहेर बसवलं. तिच्या हातचं कुणी खायचं नाही, तिला भट्टीच्या कामात कुणी बोलवायचं नाही. भट्टीच नव्हती, पण शिक्षा तरी झाली. धुरपा "बरं" म्हणाली. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. पंगतीबाहेर पान मांडून बसायला कुणाला बरं वाटतं?  पण पाणी होतं, आणि ते सगळे पीत होते.

काही माणसं शहराकडं गेली. बाकीची राहिली, कारण पाणी सोडून जाणार कुठं? उतारावर नाचणी, वरी पेरली. ओल्या फांदीला हात न लावता गळालेल्या काटक्या वेचायच्या, चुलीच्या आगीवर जुने फाळ तापवून ठोकून द्यायचे, असं पोट भरू लागलं. पहिली वर्षं फार ओढगस्तीची गेली. बिरूची म्हातारी बायको त्यात गेली, आणि त्याचंही खापर धुरपाच्या डोक्यावर फुटलं.

धुरपानं पावसाळ्याच्या तोंडाला घळीतलं बी वेचलं आणि शेजारच्या बोडक्या डोंगरावर लावायला निघाली. एकटीच जाते म्हटल्यावर मुलगा गेला. मग साळू गेली. "तुम्ही खड्डे असे खणता की बघवत न्हाई," म्हणून गेली.

पण ही माणसं भट्टीची. भट्टीची जागा कशी, झाडून, खरडून, लख्ख करायची. त्यांनी डोंगरही तसाच केला. होतं-नव्हतं ते काटं-झुडूप कापून टाकलं, जमीन साफ केली, आणि ओळीत बी लावलं. पावसाळ्यात सगळं उगवलं, छान दिसलं. उन्हाळ्यापर्यंत अर्धं करपलं आणि उरलेलं शेरडांनी खाल्लं. एक रोप वाचलं नाही.

एक मात्र वाचलं. साळूच्या वाट्याच्या कोपऱ्यात. तिनं तिथली करवंदीची जाळी कापलीच नव्हती. कंटाळा आला म्हणून बी तसंच आत भिरकावून दिलं होतं. जाळीच्या सावलीत ऐनाचं रोप गुडघ्याएवढं झालं होतं.

धुरपा त्या रोपाकडं बघत राहिली. मग हसू लागली. "साळे, पणजोबांना पहार न्हवती, तुला उरक न्हाई. दोघांच्यानं रान वाचलं."

"मग पुढच्या वर्षीपासून मी आणखी आळस करते," साळू म्हणाली.

तेव्हापासून त्यांनी काटा कापणं सोडलं. उलट जिथं काटा नव्हता तिथं आधी तोच लावला. उताराला आडव्या दगडांच्या ताली घातल्या, बुटके बांधच ते, म्हणजे माती अडकेल. ताल मातीनं भरली की तिच्यात करवंदी, करवंदी दाट झाली की तिच्या पोटात ऐन, धावडा, हिरडा, जांभूळ. दिसायला गबाळं. येणारे-जाणारे म्हणायचे, हे कसलं रान, नुसती काट्याची भानगड.

एकदा येसबा काठी टेकत वर आला. म्हणाला, "सूनबाई, ह्याचं रान व्हायला किती वरसं लागतील?"

"मला कुठं ठाऊक, मामंजी? मी जन्मभर आग सांभाळली. झाडाचं आता शिकतेय."

येसबा तिथंच बसला आणि दिवसभर तालीला दगड देत राहिला. संध्याकाळी पंगत बसली तेव्हा त्यानं आपलं पान उचललं, पंगतीबाहेर गेला, आणि सुनेसमोर मांडलं. म्हणाला, "वाढ." तिनं वाढलं. तो जेवला. बाकीच्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. पण दुसऱ्या दिवशी पंगत जरा वाकडी बसली, तिच्या बाजूला सरकून, आणि पुढं ती बाजू कुठली आणि पंगत कुठली हे कळेनासं झालं.

येसबा गेला. बिरू गेला, तो शेवटपर्यंत धुरपाशी बोलला नाही, पण त्याच्या वाट्याच्या ताली सगळ्यांत सरळ होत्या. साळूच्या सुना आल्या. शेजारचा डोंगर हिरवा झाला, मग त्याच्या पलीकडचा. ओढ्याला माघापर्यंत पाणी राहू लागलं, मग चैत्रापर्यंत.

नवी पोरं त्या रानातच वाढली. त्यांना झाडांची इतकी माया की पान तोडलं तरी एकमेकांना रागवायची. एके वर्षी गावाला फाळांची निकड लागली, बाहेरचं लोखंड मिळेना, तेव्हा पोरं म्हणाली, "उपाशी राहू, पण झाडाला हात लावणार न्हाई. धुरपाआजीला काय वाटंल?"

धुरपा तेव्हा पार वाकली होती. तिनं हे ऐकलं, आणि म्हणाली, "कुऱ्हाड आणा."

पोरं चपापली. ती त्यांना घेऊन शेजारच्या डोंगरावर गेली, जिथं तिनं स्वतः बी लावलं होतं. एक धावडा निवडला. जमिनीपासून वीतभर वर खूण केली. "हितनं तोडा. तिरपं तोडा, म्हणजे बुडख्यावर पाणी थांबायचं न्हाई. घाव स्वच्छ घाला, साल फाटू देऊ नका."

"आजी, तुम्हीच तर आग विझवली होती, हे वाचावं म्हणून!"

"आग विझवली कारण तवा एकच घळ होती. आता डोंगर हाईत. एका वरसाला एकच पट्टा तोडायचा, पुढच्या वरसाला दुसरा. पहिल्या पट्ट्याला तुमची पोरं हाताशी येईपर्यंत हात लावायचा न्हाई. रान काय नुसतं बघायला लावलं मी? तुमच्या पोटाला लावलंय."

"आणि भट्टीला आग? ती तर गेली."

"चुलीतली घे."

"चालंल?"

"दगड पाघळला की समज चालली म्हणून."

एका पोरानं पहिला घाव घातला. झाड पडलं. धुरपानं स्वतः करवंदीच्या काटेरी फांद्या ओढून आणल्या, त्या बुडख्याभोवती गच्च लावल्या, आणि हाताला लागलेलं रक्त लुगड्याला पुसलं.

"आता ह्याला इसरा," ती म्हणाली. "चला, भाता कुणाला येतो ओढायला?"

कुणालाच येत नव्हता. तिनं शिकवला.

तात्पर्य: सोडून आलेल्या जागेकडं जो वळून पाहत नाही, त्याला पुढची जागाही मिळत नाही. घ्यावं, पण मूळ राखून घ्यावं, आणि राखण्यासाठी कधी आपला मान विझवावा लागला, तर तोही विझवावा.